समासातलं कुंकू

उमाट्यांच्या घरात पुस्तक उघडण्यापेक्षा पुजण्याची सवय जास्त, हे खरं तर मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकायला पाहिजे होतं. म्हणजे पुढच्या रामायणाचं कोणाला नवल वाटलं नसतं.

त्र्याऐंशी सालच्या दसऱ्यालाही देवळीच्या घरी समोरच्या खोलीत पाट मांडला होता. खाली नलूची बी.ए.ची पुस्तकं, त्यावर मधूचं पंचांग, आणि सगळ्यांच्या डोक्यावर अण्णाजींच्या थोरल्याचा, म्हणजे चंद्रभानचा ग्रंथ: ‘विदर्भातील मकतब आणि इस्लामी शिक्षणविचार’. मुसलमानांची मुलं पूर्वी कुठं शिकत, काय शिकत, त्यांचे गुरुजी शिकवण्याबद्दल काय विचार करत, असं सगळं त्यात. नऊ दसरे हळदकुंकू खाऊन त्याचा वरचा कोपरा लाल झाला होता. आतली पानं मात्र कोरी करकरीत. अण्णाजी आल्यागेल्याला तो लांबूनच दाखवायचे.

चंद्रभान सकाळच्या एस.टी.नं वर्ध्याहून आला. बायको सुधा आणि लेक नलू दोन दिवस आधीच आल्या होत्या. दरवर्षी तो पाटासमोर जरा उभा राहायचा, कोणी बघतंय का ते बघायचा. यंदा त्यानं पाटाकडं मानही वळवली नाही. पुरणाची पोळी अर्धी टाकून उठला आणि हात पुसत म्हणाला, “अण्णाजी, सगळे समोरच्या खोलीत बसा. आत्यालाही बोलवा.”

धाकट्या मधूचा घास हातातच राहिला. भागीरथाआत्याला ह्या घरात समोरच्या खोलीत बोलावलं जायचं ते पाणी आणायला.

आत्या आली आणि सवयीनं दाराच्या आत नाही, उंबऱ्याजवळच बसली. सदुसष्ट वर्षांची बाई. तेरा वर्षांची असताना नवरा गेला, सासरचे चार महिने संपवून भावाच्या घरी परत आली, ती आजतागायत.

“हैदराबादहून पत्र आलंय,” चंद्रभान म्हणाला. त्यानं मुद्दाम शुद्ध बोलायला घेतलं होतं. कठीण प्रसंगी तो असंच करायचा. “वाजिद नावाचे विद्वान आहेत. बुऱ्हाणपूरच्या मुल्ला करामतची फारसी पोथी, जिच्यावर माझा ग्रंथ उभा आहे, तिची मूळ प्रत त्यांना मिळाली. हिंगणघाटला. हमीदाबीच्या नातवाकडं.”

“उस्तानीबीच्या?” आपल्या गुरूचं नाव ऐकून आत्या एकदम सरसावून बसली. “रहमतजवळ? जपून ठेवली त्यानं? पाह्य माय!”

“सापडली तं चांगलंच झालं ना,” अण्णाजी म्हणाले.

“नाही झालं. पोथीची दोन पानं वाळवीनं खाल्लीत. पार चाळणी. आणि माझ्या ग्रंथात ती दोन पानं धडधडीत आहेत. ते विचारतात, तुम्ही ही कुठून वाचली? विद्यापीठानं चौकशी लावली. मंगळवारी वाजिदसाहेब पोथी घेऊन वर्ध्याला येतायत. प्राचार्याची नेमणूक तर गेलीच समजा. डिग्रीही काढून घेतील.”

ती दोन पानं कुठली, हे विचारायची गरज नव्हती. घरातल्या पोराटोरांना ती पाठ होती. चंद्रभान प्रत्येक भाषणात, हार गळ्यात पडायच्या आधी, तीच वाक्यं म्हणायचा: “ज्याला दाराबाहेर बसवून शिकवलं, त्याला धडा पुन्हा विचारू नका. त्यानं तो दोनदा ऐकलेला असतो. एकदा कानानं आणि एकदा भीतीनं.” मग म्हणायचा, बघा, अडीचशे वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूरचा एक मुल्ला हे लिहून गेला! टाळ्या पडायच्या. बाकीचा ग्रंथ त्यानं खरंच घाम गाळून लिहिला होता. सहा वर्षं सायकल दामटत पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, एकेका मकतबात मांडी घालून बसला, मौलवींच्या शिव्या आणि चहा दोन्ही पचवले. त्या कष्टाला कोणी टाळी वाजवली नाही. टाळ्या नेमक्या ह्या दोन पानांना.

आणि फारसी? फारसी त्याला येत नव्हती. एका उर्दू पुस्तकातली मुळाक्षरं त्यानं तीन महिने गिरवली आणि सोडून दिली. पोथीचं मराठी आत्यानं आपल्या वहीत करून ठेवलेलं होतं, ते त्यानं आयतं घेतलं. ग्रंथात लिहिलं: ‘मूळ हस्तलिखितावरून’. आत्याच्या वहीवर कोणी डॉक्टर होत नाही, असं त्याला सांगणारे भेटले होते, आणि त्याला ते पटवून घ्यायचंच होतं.

“आत्या,” तो म्हणाला, “ती दोन पानं तू कुठून आणली?”

“मनातून.”



“मनातून म्हंजे?” चंद्रभानची शुद्ध भाषा तिथंच गळाली.

“अरे, पोथीले भोक होतं ना. धडा मधातच तुटे. उस्तानीबी म्हने, तुटका धडा पोराले देऊ नोये. तू आपल्या मनानं जोड, पन निशानी लाव. इथून इथवर माह्यं, बाकी मुल्लाचं. त्याहीच्यात तशी रीतच हाय. मंग मी जोडलं. निशानी लावली.”

“कुठं निशाणी? मी वही दहा वेळा पाहिली!”

“समासात. लाल रेघ.”

चंद्रभानची नजर पाटाकडं गेली, आपल्याच ग्रंथाच्या लाल कोपऱ्याकडं. बाकीच्यांचीही गेली.

“ते...” तो म्हणाला, “ते तं पाटीपूजनाचं कुंकू होतं.”

नलू न सांगता उठली. आत्याच्या पेटीतून वही घेऊन आली आणि सगळ्यांच्या मध्ये उघडून ठेवली. समासात वरपासून खालपर्यंत लाल रेघ, दोन्ही पानांवर. सुरुवातीला एक आडवी रेघ, शेवटाला एक.

“बाबा, पूजेचं कुंकू असं सरळ पडते का?”

“लाल शाई नोती घरात,” आत्या म्हणाली. “देवघरातलं कुंकू पान्यात कालवलं, काडीनं ओढलं. कपायाले लावाची बंदी होती मले. कागदाले कोनी बंदी नोती केली.”

मधूला राहवलं नाही. थोरल्या भावाचा सत्कार पाहून पाहून त्याच्या पोटात नऊ वर्षं दुखत होतं. “घ्या! म्हंजे अर्ध्या इंडियात जे भाषण गाजोलं तुम्ही, थे आपल्या आत्याचं होतं! आन नाव कोनाचं? मुल्लाचं आन तुमचं! आत्या, तू तं डाक्टरीनबाई निघाली वो!”

“मधू, चूप बस,” अण्णाजी ओरडले.

“काऊन चूप बसू? खरं बोललं का चूप बस. ग्रंथ छापला तवा हे बाई काय मांगत होती? आपलं नाव नोती मांगत. म्हने उस्तानीबीचं नाव टाक एका ओळीत. जागा नाई म्हने!”

ते खरं होतं. चौऱ्याहत्तर साली ग्रंथ आला, आत्यानं एका दुपारी तो सगळा वाचला. घरात वाचणारी ती एकटीच. मग भाच्याला म्हणाली होती, “चंदू, माह्यं नोको टाकू. तिचं तेवढं टाक.” दुसऱ्या आवृत्तीत टाकतो, म्हणाला. विद्वानांच्या ग्रंथाला दुसरी आवृत्ती कुठली!

हमीदाबी म्हणजे समोरच्या गल्लीतल्या काझीची सून. दुपारी आपल्या ओसरीत मुसलमानांच्या मुलींना कुराण आणि उर्दू शिकवायची. बोडकी पोरगी घरात नुसती रडत बसते म्हणून अण्णाजींनीच बहिणीला तिच्याकडं शिवण शिकायला धाडलं. सोवळ्याची पंचाईत नको म्हणून भागीरथा पायरीवर, दाराबाहेर बसायची. शिवण ती आठ दिवसांत शिकली. पायरीवर मात्र सतरा वर्षं बसली. आधी उर्दू, मग फारसी, मग पोथीचा एकेक धडा. उस्तानीबी म्हणायची, “जिससे पढ़ी उसका नाम लेके पढ़ाना, बेटी. नाम खा गई तो इल्म पेट में सड़ता.” मकतबात पोथी पुरी झाली की विद्यार्थ्याला सनद मिळते: मी अमक्याकडून शिकलो, तो तमक्याकडून, तो त्याच्या गुरूकडून, अशी नावांची माळ. भागीरथेची पोथी पुरी झाली तेव्हा उस्तानीबी अंथरुणाला खिळली होती. सनद तोंडीच राहिली.

चंद्रभाननं बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला. तो वर्ध्याहूनच तयार करून आणला होता. म्हणजे विचारायला आलाच नव्हता तो, सही घ्यायला आला होता. “हे विद्यापीठाला द्यायचं. आत्याची सही पाहिजे.”

“नलू, वाच वो,” आत्या म्हणाली. “माह्या चष्म्याची काडी तुटली.”

नलूनं वाचायला घेतलं. “‘मी, श्रीमती भागीरथाबाई काकडे, राहणार देवळी...’”

“काकडे म्हंजे मीच ना?” आत्यानं विचारलं. चार महिन्यांच्या सासरचं नाव तिच्या लक्षात राहिलं नव्हतं असं नाही. ते ती कागदावरून पहिल्यांदाच ऐकत होती.

“‘...माझे शिक्षण झालेले नाही. माझे भाचे डॉक्टर चंद्रभान उमाटे यांनी केवळ विश्वासाने मजकडे जुन्या पोथीचे काही काम सोपविले असता, मी अज्ञानाने त्यात स्वतःच्या मनचा मजकूर घुसडला व ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली...’” नलू थांबली. “बाबा, हे काय लिहून आनलं तुम्ही? लपवलं? हे पाहा ना, रेघ हाय इथं!”

“ती रेघ कमिटीला दाखवू? विदुषीबाईंनी कुंकवानं निशाणी केली आणि डॉक्टरसाहेबांना पूजा वाटली, असं सांगू? हसतील लोक! मूळ फारसी तुम्ही वाचली नाही का, हा पुढचा प्रश्न येईल. मग काय सांगू?”

“खरं सांगा.”

“तू शिकव मले आता!”

“आत्या सही नाई करनार,” मधू म्हणाला. “मी सांगतो.”

चंद्रभान त्याच्याकडं वळला आणि अगदी थंड आवाजात म्हणाला, “मधू, तुझा बंडू माझ्या कॉलेजात क्लार्क कोणामुळं लागला? अजून पर्मनंट झालेला नाही तो. मी गेलो तर दुसऱ्या दिवशी तोही घरी.”

मधूनं खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला, परत टाकला. आत्याकडं न बघता म्हणाला, “तसं पाह्यलं तं... आत्याचं काय जाते म्हना. तिले कोन नोकरीवरून काढनार हाय?”

झालं. मधूसाहेबांचा सत्याग्रह पाच मिनिटं टिकला.

अण्णाजी आपल्या खुर्चीतून उठून, गुडघे धरत, बहिणीजवळ आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस जमिनीवर तिच्यासमोर बसला. “भागी, करून टाक सही. उमाट्यांच्या घरात डाक्टर झालेला एकच पोरगा हाय. तुले ह्या घरात कधी काई कमी पडू देलं का मी?”

“नाई, भाऊ.”

“शिवन शिकाले मीच धाडलं ना तुले?”

“तूच धाडलं.”

“मंग?”

आत्याला भावाचा राग येत नव्हता, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. पन्नास वर्षं जेवू घालणाऱ्यावर रागावता येत नाही, ती सोय जेवण वाढता वाढताच काढून घेतली जाते, ते कळतही नाही.

“मला एवढंच म्हणायचंय,” चंद्रभान आता जवळजवळ रडवेला झाला होता, आणि ते नाटक नव्हतं. “मला कोणी एका शब्दानं सांगितलं असतं ना, की बाबा, ही रेघ म्हणजे निशाणी आहे, तर मी ती पानं गाळली असती. शपथेवर सांगतो. पण कोणालाच माहीत नव्हतं! कोणालाच!”

आत्यानं मान वर केली आणि सुधाकडं पाहिलं.

सुधा दाराशी आपट्याच्या पानांचं ताट घेऊन उभी होती. ती वही टाइपिस्टसाठी सुवाच्य अक्षरात उतरवली होती तिनंच, बहात्तर सालच्या उन्हाळ्यात, ह्याच घरात. लाल रेघेशी आली तेव्हा चुलीजवळ जाऊन विचारलं होतं, “आत्याबाई, हे काय हो?” आत्याबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं, हातातली पोळी तव्यावर करपेपर्यंत. सुधानं नवऱ्याला सांगितलं नाही. ती पानं काढली तर ते प्रकरण लंगडं पडणार, डिग्री लांबणार, वर्ध्याची बदली लांबणार, आणि ह्या घरातून, ह्या चुलीपासून, डोक्यावरच्या पदरापासून सुटका लांबणार. रेघेची खूण न करता तिनं पान उलटलं होतं. एवढंच केलं होतं तिनं.

आता एक वाक्य बोलायचं होतं. मला सांगितलं होतं आत्याबाईंनी. एवढंच. पण बोललं की अकरा वर्षं झाकलेली गोष्ट नवऱ्यापुढं उघडी पडणार. ताटातली पानं खाली पडायला लागली. सुधा ती वेचायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

आत्या वाट बघत होती. घाई नव्हती तिला. सुधा सगळी पानं वेचून उभी राहिली, आणि “चहा टाकते” म्हणून आत गेली.

नलूनं आधी आईच्या पाठीकडं पाहिलं, मग आत्याकडं. “आजी,” ती हळूच म्हणाली, “आईले मालूम होतं?”

“कागद आन इकडं,” आत्या म्हणाली.

“आजी, नोको करू! घुसडलं म्हनते त्याच्यात. चोर ठरवून राह्यले तुले!”

“आन म्हटलं ना.” मग चंद्रभानकडं वळून बोलली, तेव्हा तिचा आवाज चढला नाही, पण घरात तो आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. “चंदू, मले राग आला हाय. लई राग आला हाय. टाळ्या पडत होत्या तवा थे मुल्लाचं होतं. आता जोडे पडाले लागले तं माह्यं झालं. इतके वर्स एका ओळीची जागा नोती तुह्या ग्रंथात. आज पुरा कागद रिकामा भेटला मले. पेन दे.”

चंद्रभाननं मान खाली घालून पेन दिलं. आता सुटलो, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

आत्यानं कागद मांडीवर घेतला. जिथं फुलीची खूण केली होती, तिथं मराठीत सही केली: भागीरथा. काकडे नाही, उमाटे नाही. अण्णाजींनी सुस्कारा सोडला. पण तिनं पेन ठेवलं नाही. सहीच्या खाली अर्धा कागद कोरा होता. तिनं तो सरळ केला आणि उस्तानीबीनं शिकवलेल्या अक्षरांत, पलीकडच्या टोकाकडून लिहायला लागली. तुटक्या चष्म्यातून, सावकाश, पण कुठं न अडखळता. नलू पोथी शिकली भागीरथेकडून. भागीरथा हमीदाबीकडून, देवळीच्या पायरीवर. हमीदाबी आपल्या वडिलांकडून, मौलवी नूरुद्दीनकडून. ते बाळापूरच्या हाफिज कमरुद्दीनकडून. अशी एकेक नावं, थेट बुऱ्हाणपूरच्या मुल्लापर्यंत. त्याखाली एक ओळ: दोन पानं वाळवीनं खाल्ली, ती माझी आहेत, निशाणी केलेली आहे, वही पाहावी.

सुट्टीत नलू आजीजवळ शिवण शिकते, अशी वर्ध्याच्या घरी समजूत होती.

“हे काय लिहिलंस?” चंद्रभान पुढं झाला. “आत्या, हे पत्र विद्यापीठात जाईल. वाजिदसाहेबांच्या हातात जाईल!”

“जाऊ दे ना. थे वाचतीन.” आत्यानं कागद त्याच्यापुढं धरला. “तू आधी वाच. तू डाक्टर हायेस ना त्याच्यातला.”

त्यानं कागद घेतला. सगळे त्याच्याकडं बघत होते. अण्णाजी जमिनीवर बसल्या बसल्या, मधू भिंतीला टेकून. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, तोही थांबला.

“वाच ना रे,” अण्णाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. “काय लिहिलं बहिनीनं माह्या? वाच मोठ्यानं.”

चंद्रभाननं चष्मा सारखा केला. कागद जवळ धरला, लांब धरला. ओठ हलवले. त्याचे डोळे डाव्या बाजूला गेले आणि तिथून ओळीवर पुढं सरकायला लागले.

“बाबा,” नलू म्हणाली, “तिकडून नाई. उजवीकडून.”